आमचा ई-मेल, पी.पी.

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी माझ्या निबंधावर 'बरा आहे, पण घाबरत लिहिल्यासारखा वाटतो' असा शेरा मारलेला आहे. तरीही लिहितो आहे. कारण हे प्रकरण आमच्या वस्तीत जो तो आपापल्या पद्धतीने सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात गाढव मीच असतो. निदान मी गाढव कसकसा होत गेलो, ते तरी नीट क्रमाने यावं.

तर, आमच्या घरात नळ यायच्या आधी ई-मेल आला.

(नळ अजून आलेला नाही.)

मी नगरला वसतिगृहात राहून शिकतो. घर तिसगावला, बाजारतळापलीकडच्या वस्तीत. गेल्या वर्षी कॉलेजने मागासवर्गीय मुलांसाठी कॉम्प्युटरचा फुकट वर्ग काढला. एका कॉम्प्युटरपुढे चौघे, आणि त्यांतला चौथा मी. त्यामुळे माझं कॉम्प्युटरचं बहुतेक शिक्षण दुसऱ्याच्या खांद्यावरून झालेलं आहे. पण वर्ग संपताना सरांनी प्रत्येकाला ई-मेलचा पत्ता काढून दिला. तो पत्ता घेऊन मी घरी गेलो. चूक झाली ती तिथे.

नाही, जरा पुढे झाली.

त्याच सुमारास पुण्याची एक संस्था आमच्या भागात आली होती. खेड्यांत, आणि खेड्यांतल्याही मागे राहिलेल्या वस्त्यांत, कॉम्प्युटर आणि इंटरनेट न्यायचं. तिथलीच एक मुलगी शिकवून तयार करायची आणि तिच्या हाती ते केंद्र द्यायचं, अशी त्यांची योजना. आमच्या अक्काने अर्ज केला. अक्का माझी थोरली बहीण, बारावी पास. वस्तीतल्या पोरांना समाजमंदिरात शिकवते. अर्जाच्या तळाशी एक ओळ होती, 'निवड झाल्यास फक्त ई-मेलने कळवले जाईल. आठवड्याच्या आत होकार न आल्यास दुसऱ्या गावाचा विचार केला जाईल.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. जिथे इंटरनेट नाही तिथे इंटरनेट द्यायचं, आणि ते दिलं की नाही हे इंटरनेटवर कळवायचं! म्हणजे विहीर हवी असेल तर आधी बादलीभर पाणी आणून दाखवा!

"तुझा हाय की पत्ता. तोच टाक," अक्का म्हणाली. मी टाकला.

नाना, म्हणजे आमचे वडील, तेव्हाच बोलले होते, "दसऱ्यापत्तर वाट बघू. न्हाई काई झालं तर आक्का आमच्यासंगं कारखान्यावर. मुकादमाला नाव सांगून ठिवतो." आमचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. अक्का एकदा गेली होती, बारावीच्या आधीच्या वर्षी. परत आल्यावर ती त्याबद्दल काहीच बोलली नाही, आणि अक्का एखाद्या गोष्टीबद्दल बोलत नाही म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मग आईने विचारलं, "पर ते ईमेल मंजी असतंय तरी काय?"

आता शहाण्या माणसाने म्हणायचं, 'पत्र असतं, आई.' पण मी कॉम्प्युटरचा वर्ग केलेला माणूस! मी म्हणालो, "बन्सीशेठच्या दुकानातला फोन नाही का? आपण त्याचा नंबर देतो आणि पुढे पी.पी. लिहितो. फोन त्याचा, निरोप आपला. तसंच आहे हे. फक्त हे दुसऱ्याचं नाही, आपलं आहे."

चूक झाली ती इथे.

वस्तीत फोन नाही. सगळ्या वस्तीचा पी.पी. नंबर म्हणजे बन्सीशेठचं किराणा दुकान. कुणाचा फोन आला की शेठ गल्ल्यावर बसूनच ओरडणार, मग कुणीतरी वस्तीत पळणार, आपण तिथून पळत येणार, तोवर फोन कटलेला. मग पायरीवर उभं राहायचं, आणि निरोप कळेपर्यंत शेठ विचारणार, "काई घ्यायचं का नुस्तंच आलात?" आईने त्या पायरीवर उभं राहून कितीतरी अनावश्यक साबणाच्या वड्या घेतल्या आहेत. माझ्या सगळ्या बोलण्यातलं तिला एकच वाक्य ऐकू गेलं, 'हे आपलं आहे.'

पुढच्या रविवारी मी एसटीतून उतरून वस्तीत शिरलो, तर हापशावरच्या बायका माझ्याकडे भलत्याच आदराने पाहायला लागल्या. पार्वतीआत्या घागर तिथेच टाकून पुढे आली.

"माझ्या आनंदाचा आला का रं?"

"काय आला का?"

"ईमेल! पलटनीत कळिवलंय मी त्याला. तुझा पत्ता धाडला पोष्टानं."

मी घराकडे पळालो. दारावर गेरूने सुरेख अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे ई-मेल आहे. पी.पी. चालेल.'

"नाना! हे कुणी लिहिलं?"

"आक्कानं. अक्षर चांगलं हाय तिचं."

"अहो, पण हा माझा पत्ता आहे!"

"मंग?" आई चुलीपुढून म्हणाली. "फोन बन्सीशेठचाच हाय की. पर पळत कोन जातंय? आपन! आता लोक आपल्या दारात यायला लागले तर तुला जड झालं व्हय? आन मी कुनाला साबन घ्यायला लावीत न्हाई."

यावर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

तेव्हापासून माझा शनिवार गेला तो गेलाच. नगरच्या सायबर कॅफेत जाऊन मी वस्तीचे निरोप वाचायचो, रविवारी वस्तीत येऊन सांगायचो, उत्तरं घेऊन परत जायचो. मधल्या दिवसांत अक्का संध्याकाळी हापशावर बसून लोकांची उत्तरं तयार करून घ्यायची. कारण लोक ई-मेलमध्ये सगळं सांगायला लागले होते.

"आत्या, 'आमी बरे हाय, तू जपून ऱ्हा,' एवढंच सांगा," अक्का समजवायची. "कोंबडीचं नको."

"का नको? कोंबडी त्यानंच आनली व्हती!"

"बरं. 'कोंबडी मेली.' झालं?"

"अशी कशी मेली? मांजरानं खाल्ली मन!"

असा माझ्याकडे मजकूर यायचा आणि तो मी इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने, टाइप करायचो. शेजारी बसलेली शहरातली पोरं कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या देशांत गप्पा मारत असत, आणि मी सरहद्दीवर कोंबडीची बातमी पाठवत असे.

एवढ्यावर थांबतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण आईचं मन मोठं! तिने पत्ता सोयऱ्यांना दिला, सोयऱ्यांनी त्यांच्या सोयऱ्यांना दिला. तो एका लग्नपत्रिकेत छापून आला. नोकरीच्या अर्जांवर चढला. एकदा मी एमआयडीसीच्या फाटकापाशी उभा होतो, समोरून एक टेम्पो गेला, आणि त्याच्या मागच्या फळीवर 'हॉर्न ओके'च्या खाली माझा ई-मेल! खाली कंसात पी.पी.! मी त्या टेम्पोमागे थोडं अंतर पळालोसुद्धा. का पळालो, मला आजही सांगता येणार नाही.

आणि मग कोंडाजीमामांच्या अशोकचं लग्न झालं.

कोंडाजीमामा आमचे शेजारी. त्यांचा अशोक पुण्याला फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्न तिकडेच झालं, वस्तीतल्या अर्ध्या लोकांना जाता आलं नाही. म्हणून त्याने प्रेमाने लग्नाचा आल्बमच ई-मेल केला. सगळा! मंडप, आचारी, आचाऱ्याची कढई, सगळा!

ज्यांनी ई-मेलवर फोटो उघडलेला नाही त्यांना सांगतो, तो वरून खाली, रेघ-रेघ करत उघडतो. पहिल्या शनिवारी मी बराच वेळ मंडपाचं कापड पाहिलं. मग बाशिंग. मग कपाळ. भुवया आल्या तेव्हा माझी वेळ संपली. रविवारी सगळी वस्ती जमलेली.

"कशी हाय सून?" कोंडाजीमामी.

"कपाळ चांगलं आहे," मी म्हणालो.

"आन खाली?"

"खालचं पुढच्या शनिवारी येईल."

मामी दोन दिवस आईशी बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी ई-मेलची पेटी उघडली तर वर इंग्रजीत एक मोठा इशारा. माझं इंग्रजी भीतभीतच चालतं. 'तुमची पेटी भरली आहे,' एवढं समजलं. मला वाटलं कौतुक करताहेत. घरी येऊन सांगितलं.

"पेटी भरली?" आई म्हणाली. "बरं झालं बाई. रिकामी असती तर लोक काय म्हनले असते?"

अक्काने मात्र विचारलं, "मंग माझं पत्र कुठं बसंल?"

"उद्याच कॅफेवाल्याला विचारतो," मी म्हणालो.

नाना बाजूला बसून कोयत्याला दांडा बसवत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. "मुकादम दसऱ्याच्या आदल्या रोजी येनार हाय," एवढंच बोलले.

दुसऱ्याच दिवशी, सोमवार असूनही, मी कॅफेवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अहो, भरली म्हणजे आता नवीन काहीच येणार नाही. जे येईल ते पाठवणाऱ्याकडे परत जाणार. फोटो उडवा की! एका बटणाचं काम."

माझं बोट त्या बटणावर होतं, खरंच होतं. पण फोटो कुणाचे? मामांचे. आमच्याकडे पी.पी.चा एक नियम आहे: निरोप ज्याचा आहे त्याच्यापर्यंत तो पोचल्याशिवाय आपण त्याचं काही करायचं नाही. आणि सून अजून नाकाच्या शेंड्यापर्यंतच पोचली होती. मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो आणि, सांगायला लाज वाटते, ई-मेल पुसायची परवानगी घ्यायला बन्सीशेठच्या दुकानात फोन लावला.

"कोन? मिलिंद?" बन्सीशेठ खूश झाला. "तुमचं तर सोताचं टपाल हाय म्हनं आता! मंग आमच्याकडं कशाला?"

"शेठ, आईला आणि कोंडाजीमामांना बोलवा, लवकर!"

बूथमधला मीटर लाल आकडे पळवत होता आणि मला पलीकडून वस्ती पळत येताना ऐकू येत होती. सगळी! आधी मामांनी फोन घेतला.

"मामा, अशोकच्या लग्नाचे फोटो पुसावे लागतील."

"पुसायचं? माझी सून पुसायची? लग्नाला वरीस न्हाई झालं!"

"सून नाही हो, फोटो! अक्काचं पत्र येतंय, त्याला जागा नाही."

"मंग तुझं कॉलेजातलं काय असंल ते पूस की!"

"माझं कधीच पुसलंय! माझ्या पेटीत माझं काहीच नाही!"

मग आई. "ए मिलिंदा, वरडू नको मानसावर. पत्र परत गेलं तर गेलं. फोन एंगेज लागला तर लोक पुन्ना लावत्यातच की."

"आई, हा फोन नाही!"

"तूच म्हनला व्हतास फोनावानी हाय मनून."

मागून बन्सीशेठचा आवाज आला, "अहो, कशाला भांडताय? दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडनार हायेत. पेपरात आलंय." लगेच मामींचा हंबरडा, "आगं बाई, मंजी सून जानारच!"

शेवटी आईने निवाडा दिला. फोटो आधी कागदावर छापून घ्यायचे, मामांच्या हातात द्यायचे, मग पुसायचे. कॅफेवाल्याचं छपाईयंत्र काळ्या शाईचं, आणि शाई संपत आलेली. नवरा निम्मा आला. नवरीच्या अंगावर असे आडवे पट्टे उमटले की ती तुरुंगाच्या गजांआडून हसते आहे असं वाटावं. कढई मात्र झकास आली. पुढचा फोटो यंत्रात असतानाच वीज गेली, आणि कागद आतच राहिला. वीज यायची वाट बघत मी दुकानाच्या पायरीवर बसलो. कॅफेवाला म्हणाला, "तोवर चहा घेणार, की नुसतेच बसलात?" मला साबणाच्या वड्या आठवल्या.

तो दिवस गेला. छपाई पुरी व्हायला, मामांना कागद पोचायला आणि मामींचं रडणं थांबायला पुढचा रविवार गेला. मग मी पेटी रिकामी केली. चकचकीत, झाडून काढल्यासारखी रिकामी. संस्थेकडून काही नव्हतं. मी त्यांना माफीचं लांबलचक पत्र पाठवलं, त्यात चुकून कोंबडीचाही उल्लेख झाला. उत्तर आलं नाही.

आठवडा उलटून गेलेला, दसरा तोंडावर. त्या रविवारी मी घरी गेलोच नाही. परीक्षेचा अभ्यास आहे असा निरोप धाडला. (परीक्षा नव्हती.) पुढच्या रविवारीही गेलो नाही. कॅफेकडेही फिरकलो नाही. वसतिगृहाच्या खोलीत पडून राहायचो आणि डोळ्यांपुढे एकच यायचं: पहाटेच्या धुक्यात ट्रकच्या हौद्यात भांड्यांवर बसलेली अक्का. तिच्या जागी तिथे अशोकच्या लग्नातली कढई बसली असती तर मला चाललं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र राहवलं नाही. मुकादम येणार होता. म्हटलं, निदान नानांपुढे उभं राहून सांगावं की चूक अक्काची नाही. स्टँडवर गेलो, पाथर्डी गाडीत चढलो. आमच्या मार्गावरचे कंडक्टर शिंदेमामा मला ओळखतात.

"काय रे मिलिंदा! लपून बसला व्हतास का काय? तुझ्या बहिणीचा कॉम्प्युटर परवा माझ्याच गाडीतनं गेला की!"

"कुणाचा?"

"आक्काचा! संस्थेच्या मानसानं इथं चढिवला. खोकं मोठं, म्हनून मी त्याला शीट दिलं. एक म्हातारा लई भांडला. म्हनला, मी उभा आन खोकं बसलेलं? म्हनलं, बाबा, ते तिसगावला उतरंल, मग बसा."

मी त्याच सीटवर बसलो.

मग शिंदेमामांनी तिकिटं फाडत फाडत, तिसगावच्या स्टँडवर ऐकलेलं सगळं सांगितलं. संस्थेच्या मॅडमनी अक्काला दोनदा ई-मेल धाडला, दोन्ही वेळा परत आला. तेव्हा त्यांनी जीप काढली. बाजारात भाजीवालीला विचारलं, "इथं ई-मेल कुणाकडं आहे?" भाजीवालीने वांगी मोजता मोजता वस्तीकडे हात केला. मॅडम आल्या, दारावरची पाटी वाचली, आणि हापशापाशी येऊन थांबल्या. तिथे अक्काभोवती बायकांचं कोंडाळं. आधीच्या गावांत म्हणे त्यांना रिकाम्या खोल्या दाखवल्या होत्या, हार घातले होते, पण हे वापरणार कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे. आणि इथे, जिथे तारच नाही, तिथे रांग!

"मंग पार्वतीआत्या त्यांना म्हनली, बाई, तुमचं काय असंल ते थोडक्यात सांगा, आक्का लांबलचक घेत न्हाई. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना हापशाचं पानी द्यावं लागलं. तितंच म्हनल्या, केंद्र हितंच हुनार आन हीच चालिवनार."

"आणि नाना?"

"काल मुकादमाला निरोप धाडला त्यांनी. म्हनले, आमी दोघंच येतो, आक्काचं नाव काड. वर लई ऐटीत म्हनले, ती आता हपिसात असती."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. करंजी घाट लागला, गाडी कण्हत चढायला लागली. थोड्या वेळाने, माणसाचा स्वभाव म्हणा, मी विचारलं, "मामा, माझं काही बोलल्या का मॅडम? नाही, म्हणजे पत्ता तर माझाच होता."

"इचारलं की त्यांनी! म्हनल्या, या पत्त्यावरचा हा मिलिंद कोन?"

"मग?"

"तुझी आई म्हनली, त्यो व्हय? त्यो निस्ता निरोप पोचिवतो."

आणि तेवढं एकच माझं काम, तर तेही कंडक्टरने केलं.